दहा मिनिटांत पंधरा सेकंद

मित्रांनो, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक लाकडी कपाट आहे. त्याच्या मधल्या फळीवर बारा स्टॉपवॉच ओळीने ठेवलेली असतात. त्यांतल्या ज्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने सातचा आकडा काढला आहे, तो मी. माझी काच एका कडेला तडकली आहे, स्टीलची चकाकी तर कधीच गेली. पण चावी दिलीत की अजूनही मी टिकटिक करतो.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. डोळ्याला भिंग लावून बसणाऱ्या एका बाईंनी माझं एकेक चाक चिमट्याने उचलून जागेवर बसवलं. केसासारखी बारीक स्प्रिंग बसवताना तर त्यांनी श्वासही रोखून धरला होता. मग एका मोठ्या घड्याळाशेजारी मला दिवसभर चालवून पाहिलं. संध्याकाळी शेजारी बसणाऱ्या बाईंना त्या म्हणाल्या, "हे अगदी वेळेवर आहे हं." ते माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक.

प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझा थाट काय वर्णावा! शर्यतींच्या दिवशी खेळाचे शिक्षक मला गळ्यात अडकवून मैदानावर न्यायचे. एरवी प्रयोगशाळेतले काका रोज सकाळी फडक्याने पुसून मला चावी द्यायचे. मुलं मला दोन्ही हातांनी घ्यायची.

मग एकदा घाईघाईत कुणाच्या तरी कोपराचा धक्का लागला आणि मी टेबलावरून फरशीवर आपटलो. त्या विद्यार्थ्याने इकडेतिकडे पाहिलं, मला शर्टाला पुसलं आणि गुपचूप कपाटात ठेवून दिलं. काच तडकली ती सगळ्यांना दिसली. आतली स्प्रिंग दुखावली होती, ती कुणाला दिसली नाही. त्या दिवसापासून मी मागे पडू लागलो. मला ते कळत होतं, पण मी सांगणार कसं?

नवल असं, की पुढे वर्षानुवर्षं कुणालाच त्याचा पत्ता लागला नाही. आमच्याकडे लंबकाचा प्रयोग असतो. दोऱ्याला धातूचा गोळा टांगायचा, त्याला हलकेच झोका द्यायचा, वीस झोक्यांना किती सेकंद लागले ते मोजायचं आणि सूत्रात घालायचं. पृथ्वी किती जोराने ओढते, त्याचा आकडा मिळतो. पुस्तकात तो नऊ पॉइंट आठ दिलेला आहे. माझ्यावर मोजलं की यायचा दहा पॉइंट तीन. मुलं तो बघून दचकायची, एकमेकांकडे बघायची आणि मग उत्तराकडून मागे येत येत वेळच बदलून टाकायची. माझ्या तबकडीवर एकोणचाळीस सेकंद, वहीत चाळीस! मला फार वाईट वाटायचं. पण मुलांचाही काही इलाज नव्हता. त्यांना सरांची भीती वाटायची.

सरांना मुलं पाठीमागे धडधड सर म्हणत. ते इतक्या वेगाने शिकवत, की फळा भरायचा आणि मुलांनी पहिली ओळ उतरवायच्या आत पुसलाही जायचा. मनाने माणूस वाईट नव्हता. पण कपाळावर आठी अशी, की शंका विचारायला उठलेलं मूल "काही नाही सर" म्हणून खाली बसायचं.

त्याच वर्गात एक मुलगी होती. ती सावकाश लिहायची, सावकाश बोलायची, म्हणून तिचं नाव पडलं हळूबाई. प्रयोगात तिचा जोडीदार होता एक मुलगा, त्याला सगळे भरभर म्हणत. प्रश्न पुरा व्हायच्या आत हा उत्तर देणार. त्याच्याशेजारी ती आणखीच आक्रसून बसायची. तिला वाटायचं, भौतिकशास्त्र हे अशा मुलांचं घर आहे आणि आपण चुकून आत शिरलोय.

लंबकाच्या प्रयोगाला त्या दोघांच्या वाट्याला मी आलो. उत्तर आलं दहा पॉइंट तीन. भरभरने डोळे मिचकावून चाळीस सेकंद लिहायला सांगितलं, सगळे तेच करतात म्हणाला. ती म्हणाली, "पण आपल्याला तर एकोणचाळीस आले ना?" आणि तिने आले तेच लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिची वही उघडली, आकड्याभोवती लाल गोल काढला आणि पुन्हा कर म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "हळूबाईला पृथ्वी जरा जास्तच ओढते." वर्ग खो खो हसला. तीही कसनुसं हसली.

त्याच आठवड्यात ती विषय बदलण्याचा अर्ज भरून घेऊन आली. फक्त सरांची सही राहिली होती. सरांनी मान वर न करता सांगितलं, आधी प्रयोग पूर्ण, मग सही. म्हणून मधल्या सुट्टीत ती एकटीच प्रयोगशाळेत आली आणि काकांकडून मला मागून घेतलं.

तिने तीनदा मोजलं. एकोणचाळीस पॉइंट एक. एकोणचाळीस. पुन्हा एकोणचाळीस पॉइंट एक. मग तिने मला टेबलावर ठेवलं आणि काकांना म्हणाली, "मला हे जमणारच नाही, काका."

काका भिंगं पुसत होते. ते म्हणाले, "ते मला नाही सांगता येणार. पण वीस झोके तू बरोबर मोजलेस. मीही मनात मोजत होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती हातात एक मनगटी घड्याळ घेऊनच. घड्याळ तिच्या आईचं होतं. आई रुग्णालयात परिचारिका. रडत रडत सगळं सांगितल्यावर आई काय म्हणाली, ते तिने काकांना सांगितलं. आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, तिन्ही वेळा साधारण तेवढंच आलं ना? मग तुझा हात स्थिर आहे. "नाडी तीनदा मोजून विचित्रच आली, तर मी पेशंटला रागवत नाही. दुसऱ्या घड्याळावर मोजून बघते." एवढं बोलून तिने मनगटावरचं घड्याळ काढून दिलं. दुसऱ्या दिवशी आईला सुट्टी होती.

हळूबाईने आम्हा दोघांना शेजारी शेजारी ठेवलं आणि त्याचा सेकंदकाटा बारावर येताच मला सुरू केलं. मित्रांनो, ती दहा मिनिटं मला आयुष्यभर पुरतील. मी जीव तोडून पळत होतो आणि तरी मागे पडत होतो. आईच्या घड्याळात दहा मिनिटं झाली तेव्हा तिने माझं बटण दाबलं. नऊ मिनिटं पंचेचाळीस सेकंद!

तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. जवळ कागद नव्हता, म्हणून तिने विषय बदलण्याचा अर्जच उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं. माझे पंधरा सेकंद मला परत दिले. त्या हिशेबाने वीस झोक्यांचे झाले चाळीस पॉइंट एक सेकंद. सूत्रात घातले. उत्तर आलं नऊ पॉइंट आठ दोन. कुणाच्या वहीत न डोकावता आलं.

इतक्यात सर आले. ती मला त्यांच्यापुढे धरत म्हणाली, "सर, हे घड्याळ मागे पडतंय."

सरांनी आठी घालून मला हातात घेतलं आणि स्वतः दहा मिनिटं लावून बसले. तासाची घंटा झाली, वर्ग आत येऊन उभा राहिला, तरी ते उठले नाहीत. पंधरा सेकंद. ते उठून कपाटाकडे गेले आणि जुन्या प्रयोगवह्या काढून सात नंबरवर केलेले प्रयोग शोधू लागले. एक्केचाळीस सापडले. सगळ्यांत उत्तर नऊ पॉइंट आठच्या आसपास आणि खाली सरांच्याच अक्षरात 'छान'.

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, "मीसुद्धा शिकताना असंच जुळवून लिहायचो. आमच्या सरांची भीती वाटायची म्हणून. आता तुम्हाला माझी वाटते, हे मला आज या घड्याळाने सांगितलं." आणि ते चक्क हसू लागले. आधी कुणाला खरं वाटेना. मग सगळा वर्ग हसला, काकाही हसले.

सरांनी तिच्या हातात खडू दिला. ती तिच्याच गतीने एकेक ओळ लिहीत गेली आणि सर फळ्याजवळ डस्टर धरून थांबले. भरभरने हात वर केला. घड्याळ हळू असेल तर उत्तरही कमी यायला हवं, जास्त कसं आलं, असं त्याने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. ती फळ्याकडून वळली. म्हणाली, "घड्याळ हळू, म्हणून वेळ कमी दाखवतं. मग आपल्याला वाटतं लंबकच घाईत आहे. आणि लंबक घाईत, म्हणजे पृथ्वी जास्त ओढते. त्या दिवशीचा विनोद बरोबर होता, फक्त दोष माझा नव्हता." भरभर पहिल्यांदा वहीत काहीतरी सावकाश लिहू लागला.

तास संपल्यावर सरांना अर्जाची आठवण झाली. सही कुठे हवी होती, त्यांनी विचारलं. तिने कागद पुढे केला, गणिताची बाजू वर करून. सरांनी गणिताखाली सही केली.

मुलगी काही वर्गात पहिली आली नाही. लिहायची अजूनही सावकाशच. पण "सर, पुन्हा सांगा" असं म्हणायला ती उठायची, आणि ती उठली की आणखी चौघं उठायची. सरही फळा पुसण्याआधी वळून विचारू लागले.

मला वाटलं होतं, आता माझी रवानगी भंगारात, नाहीतर दुरुस्तीला. काका मला दुरुस्तीला न्यायला निघालेही होते. सरांनी त्यांना थांबवलं. आता दरवर्षी पहिल्या प्रयोगाच्या तासाला बाराही स्टॉपवॉच टेबलावर मांडली जातात. सर नव्या मुलांना सांगतात, "यांतलं एक खोटं बोलतं. कोणतं ते शोधा. घाई नाही."

म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, मित्रांनो. वस्तू हातून पडली तर पुसून लपवू नका, ज्याच्या ताब्यात आहे त्याला सांगा. आणि उत्तर चुकलं की लगेच स्वतःला मठ्ठ ठरवू नका. पुन्हा मोजा, दुसऱ्या घड्याळावर मोजा, शेजाऱ्याला विचारा. मोठमोठ्या सूत्रांना घाबरून दाराशी उभे राहू नका, आत या. मी टेबलावर आहेच. माझी चोरी पकडली की मुलं जी आरोळी ठोकतात ना, ती ऐकायला मी वर्षभर कान देऊन बसलेला असतो.