जुळलेल्या तारा

तेओदोसियोमामाने पेटी उघडली, गिटारच्या तारांवरून अंगठा फिरवला आणि तिथेच थांबला. सहाही तारा सुरात होत्या.

"कुणी हात लावला हिला?"

बटाटे सोलणं टाकून त्याची भाची नेलिदा स्वयंपाकघरातून धावत आली. मामाची तारा लावायची रीत त्याच्या वडिलांकडून आलेली. अख्ख्या हुआमांगा शहरात ती दुसऱ्या कुणाला येत नव्हती आणि येऊ नये म्हणूनच तो तारा लावताना भिंतीकडे तोंड करून बसे. वाजवून झालं की सगळ्या तारा सैल करूनच गिटार ठेवी. मागून कुणी उचलली तरी हाती काही लागायचं नाही.

"दुसऱ्यांदा झालं हे. माझ्यामागे कुणीतरी लावून वाजवतंय." मामाने खिडकी ओढून घेतली. "आणि शनिवारी कार्यक्रम!"

नगरपालिकेच्या सभागृहाबाहेर पोस्टर लागलं होतं. या शनिवारी मामाची गिटार, पुढच्या शनिवारी पुनो शहरातले पावा वाजवणारे.

"एदिल्बेर्तोच असणार," नेलिदा म्हणाली. "तुझी शिकवणी संपली तरी दारात बूट घालत बसतो. लेसच नाहीत त्याच्या बुटांना! थांब, त्याला पकडूनच देते तुला."

दुसऱ्या दिवशी तिने त्याला दारातच गाठलं.

"इतका वेळ काय ऐकत असतोस रे इथे?"

"तुझ्या आईची पळी. भूक लागते."

"तोंड सांभाळ. लक्ष आहे माझं."

"ते तर गल्लीला माहितीये," एदिल्बेर्तो म्हणाला आणि लाल झाला.

हे उत्तर तिला फारच संशयास्पद वाटलं. मग पेटी पुसणाऱ्या आईवरही तिने दिवसभर नजर ठेवली.

गुरुवारी दुपारी ती मामाच्या खोलीतल्या पडद्यामागे जाऊन बसली. मामा वाजवत होता. गाणं संपलं, त्याने गिटार फडक्याने पुसली, पेटीत निजवली, कडी लावली. खुंट्यांना बोटही लावलं नाही. आता आठवेल, आता मागे फिरेल, म्हणून नेलिदा श्वास धरून बसली. मामा अंगणात गिनीपिगांना गवत टाकायला निघून गेला.

सकाळी त्याने तिला आईच्या नावाने हाक मारली होती. तेव्हा ती खो खो हसली होती. आता तिने पेटी उघडली, चौथी तार छेडली आणि लगेच तळव्याने दाबून धरली.

शुक्रवारी एदिल्बेर्तो शिकवणीला आला, तेव्हा मामा उघड्या पेटीपाशी उभा होता.

"चालता हो. उद्या सभागृहात दिसलास तर बघ."

"माएस्त्रो, आईशप्पथ, मी—"

"मी लावली," नेलिदा म्हणाली.

मामा वळला. बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने एकेक करून सगळ्या तारा सैल केल्या आणि गिटार तिच्या मांडीवर ठेवली.

"लाव मग."

तिने कशीबशी जाड तारेची खुंटी पिळली.

"उतरव. अजून. हं. आता तिसरी. चोरटे, एवढंही धड चोरता आलं नाही?"

एदिल्बेर्तो दाराकडे सरकला.

"तू कुठे चाललास? बस. पण तोंड भिंतीकडे."

एकेक तार जुळत गेली. चौथ्या तारेपाशी मामा थांबला. ओठ हलले, शब्द आला नाही. त्याची बोटं गुडघ्यावर काहीतरी शोधत राहिली. नेलिदाने वर पाहिलं नाही. कालचा तो सूर कानात आठवत ती खुंटी सावकाश फिरवत राहिली, थोडी वर, थोडी खाली. मामाचे डोळे आपसूक मिटले.

"तिथेच," तो म्हणाला.

एदिल्बेर्तोने भिंतीकडे तोंड ठेवूनच नाक ओढलं.

"उद्या मंचावर माझ्या शेजारी एक खुर्ची ठेवायला सांग," मामा म्हणाला.

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी. चोराला नजरेसमोर ठेवलेलं बरं."