नागपूरचा रिपोर्ट

अकरा वर्षं वांझ म्हणून ऐकून घेतलं मी. आमच्या मुर्री गावात कोणाकडं बारसं असलं का सासू, धुरपताबाई, मले घरीच बसवे. दोन वर्षांपासून तर माझ्या नवऱ्यासाठी, देवानंदसाठी, दुसरी पोरगी पाहणंही सुरू केलं होतं तिनं. मले माहेरी हाकलायले एक कारण पायजे होतं, बस.

२००४च्या उन्हाळ्यात देवानंदचा हर्निया अडकला. जांघेतला गोळा आत जाईना, माणूस लोळून राहिला होता. गोंदियाले नेलं. आमच्या इकडं ऑपरेशनमध्ये काढलेला गोळा नातेवाइकाले दाखवाच लागते, नाहीतर लोक म्हणतात फुकटचं फाडलं. सासूले रक्त पाहवत नाही, म्हणून मी गेली.

डॉक्टरनं ट्रेमधलं मांस चिमट्यानं उचललं. "बाई, ही गर्भाची पिशवी आहे. तुमच्या नवऱ्याच्या हर्नियात होती."

मले वाटलं थट्टा करून राहिले. नाही म्हणे, लाखात एखाद्या पुरुषाले जन्मापासून असते. त्याच्या गोट्याही खाली उतरल्या नव्हत्या, लेकरू त्याच्यापासून होणारच नव्हतं. त्यालेही सांगणार आहे, अन् गोळा तपासायले नागपूरच्या लॅबले धाडावा लागंल, म्हणाले. माय वो! अकरा वर्षं! मी भिंतीले टेकून रडली, अन् खरं सांगतो, आनंदानं रडली.

सासूले सांगितलं तर ती उखडली. मर्दाच्या पोटात पिशवी राहते का कुठं? नागपूरचा कागद येऊ दे, मग बोल, म्हणाली.

नागपूरच्या लॅबमध्ये गोळ्याची बरणी अन् डॉक्टरची चिठ्ठी मीच नेली. खिडकीतल्या बाबूनं चिठ्ठी वाचली अन् हसला. पेशंट पुरुष अन् पिशवी गर्भाची, तुमचे डॉक्टर झोपेत लिहितात का, म्हणे. मी म्हणलं, खरंच आहे बापा ते. ऐकतो कोण! त्यानं माझं नाव अन् वय विचारलं. मले वाटलं, बरणी कोणी आणली ते लिहीत असंल. सांगून टाकलं.

रिपोर्ट आला तो शामकला देवानंद, स्त्री, वय एकतीस, गर्भाशय काढलेलं, असा. सासूनं तो अख्ख्या मुर्रीत फिरवला. सुनेची पिशवीच नासकी होती म्हणे! मी बायांले पोट उघडं करून दाखवलं, एक टाका नाही. एक म्हणाली, आता दुर्बिणीनं काढतात.

मी डॉक्टरकडं धावली. ते भले माणूस. दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला, पण त्याच्यावर पेशंटची सही पायजे म्हणाले.

घरी आली तेव्हा देवानंद बिरसी गावची पोरगी पाहायले निघायचा म्हणून दाढी करून राहिला होता. मी अर्ज समोर ठेवला, पेन हातात दिला. म्हणलं, तुम्हाले तर सगळं माहीत आहे, डॉक्टरनं सांगितलं आहे, सही करा. त्यानं अर्ज पूर्ण वाचला. मग पेन खाली ठेवला.

"तुले वांझ म्हणून घ्यायची सवय झाली आहे, शामकला," तो म्हणाला. "मले नाही."