हेमाची डावी बाजू

पाचव्या सोमवारी खडूची रेघ खाली यायची सोडून अर्धं बोट वर गेली. त्यावर गौरम्माच्या माजघरात जो कल्ला झाला, तो नव्या पेठेतल्या तिच्या दुकानापर्यंत पोचला नाही, एवढीच देवाची कृपा.

"चढतंय, अव्वा! उतरायचं सोडून चढतंय!" हेमावती चौकटीपासून बाजूला झाली आणि मटकन खाली बसली. "दिवाळीपतोर माझ्या हनुवटीला लागंल की ग!"

"गप. पट्टी वाकडी धरली असंल मी," गौरम्मा म्हणाली. पण पट्टी वाकडी नव्हती. चाळीस वर्षं कापड मोजलेला हात तो. गिऱ्हाईक बोलण्यात गुंतवून चार बोटं कमी मोजायची ठरवली तर बरोबर चारच कमी भरायची, एवढा सरळ.

हेमा तिची सून. दहा वर्षांपूर्वी मैंदर्गीहून आलेली. रूपानं देखणी, हाताला चव, बोलायला गोड. एकच गोष्ट होती. देवानं उजवी बाजू सावकाश, मन लावून केली होती आणि डावी करायची वेळ आली तेव्हा त्याला बहुतेक कुणीतरी हाक मारली. डावीकडं नुसती सपाटी. चौदाव्या वर्षापासून पोरगी कापसाची गुंडी आत घालून फिरत होती. नवऱ्याला ठाऊक होतं. शिवपुत्र मुलखाचा भला, त्यानं शब्द काढला नाही. सासूला मात्र दहा वर्षं पत्ता नव्हता. गेल्या दिवाळीला गौरम्मानं तिला तेल लावायला हाताला धरून न्हाणीघरात ओढलं, तेव्हा सगळं उघड झालं. दुसरी सासू असती तर पदर तोंडाला लावून रडली असती. गौरम्मानं नीट बघितलं आणि म्हणाली, "एवढंच व्हय? आन् त्यापायी दहा वर्षं माझ्याशी चोरी?"

तीन महिन्यांत तिनं सुनेला मुंबईला नेलं. एका व्यापाऱ्याच्या बायकोकडनं तिनं ऐकलं होतं की तिथले डॉक्टर नाकं सरळ करतात, मग बाकीचं का नाही करणार? डॉक्टरानं सिलिकॉनची पिशवी दाखवली. गौरम्मानं ती चिमटीत धरून, लुगड्याचा पोत बघावा तशी चोळली. मग विचारलं, "धुतल्यावर आटत न्हाय न्हवं?" डॉक्टर इतका हसला की त्याला चष्मा काढावा लागला.

निघताना त्यानं बजावलं होतं, "सुरुवातीला वर दिसेल, घट्ट लागेल. तीन-चार महिन्यांत आपोआप खाली उतरून बसेल. हात फार वर करायचा नाही, आणि रोज रोज आरशात बघायचं नाही."

गौरम्मानं आरसा कपाटात कुलपात घातला. पण मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा, हे तिच्या रक्तात नव्हतं. घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी पूजा आटोपली, शिवपुत्राला दुकानात पिटाळलं, शेजाऱ्यांनी विचारलं तर आपेंडिसचं आपरेशन झालं म्हणून सांगायचं ठरलं, आणि सुनेला माजघराच्या चौकटीला चिकटून उभं केलं. मीटरपट्टी आडवी धरली. उजवीची पांढरी रेघ मारली, म्हणजे कुठवर पोचायचं ते कळावं. डावीची निळी. निळी रेघ पांढरीच्या तीन बोटं वर. त्यानंतर दर सोमवारी एक निळी रेघ, चौथ्यापर्यंत तीन बोटांवरच. उजवी परत मोजायचं काहीच कारण नव्हतं. ती कुठं जाणार होती?

आणि आज पाचवा सोमवार. साडेतीन बोटं.

"मी उद्याच्या गाडीनं मुंबईला जाते," हेमा डोळे पुसत म्हणाली. "काढून टाकायला सांगते. ह्यांनी तिकीट काढून आणलंय."

"कुणाला विचारून?"

"मीच काढायला लावलं. मागच्या आठवड्यालाच म्हटलं, सोमवारी खाली आलं न्हाय तर बास. पंधरा दिवसांवर बहिणीचं लग्न हाय. सगळं मैंदर्गी गोळा व्हणार. असं एक माडीवर आन् एक तळघरात घिऊन मी कशी हिंडू? त्यापरीस कापूस बरा हुता. कापूस तरी माझं ऐकत हुता."

त्यातून गौरम्मानं एक आगाऊपणा केलेला. आज रेघ खाली येणारच, या तोऱ्यात तिनं लालसाब शिंप्याच्या बायकोला लग्नाच्या हिरव्या खणाच्या झंपरासाठी माप घ्यायला सांगावा धाडला होता. पेठेतली रीतच तशी. लालसाब शिवायचा, पण बायकांना टेप लावायचं काम अमिनाचं.

आणि अमिना दारात उभीच होती. गळ्यात टेप, तोंडात पान.

"क्या जी अम्मा, सून रडतीया? खण पसंत न्हाय का?" तिचं लक्ष चौकटीकडं गेलं. "आन् ह्या रेघा कसल्या? दुधाचा हिशेब?"

"आपेंडिसच्या हायत," गौरम्मा म्हणाली.

अमिनानं रेघांकडं बघितलं, मग हेमाकडं, मग परत रेघांकडं. "आपेंडिस एवढ्या वर असतंय?"

हेमाला रडता रडता हसू फुटलं. मग परत रडू. मग एका दमात तिनं सगळं सांगून टाकलं, कापूस, पिशवी, डॉक्टर, तिकीट. गौरम्मा डोळे वटारत होती, पण कोण बघतंय तिच्याकडं.

अमिनानं पान एका गालातनं दुसऱ्या गालात घेतलं. "कापसाचं मला ठाऊक हाय ग. तू मापाला जुनं झंपर धाडायचीस न्हवं? डाव्या शिवणीत कापसाचे तंतू अडकलेले असायचे. मी झटकून मग लालसाबच्या हातात द्यायची. दहा वर्षं झाली."

हेमाचं रडं थांबलं. "त्यास्नी कदी सांगितलं न्हाईस?"

"त्याला कशाला? त्यानं सुईत दोरा ओवावा. चल, उभी ऱ्हा. अम्मा, उजवी किती येळा मोजली?"

"उजवी कशाला मोजायची? पयल्या दिवशी मोजली की."

"या अल्ला!" अमिनानं कपाळाला हात लावला. "एवढं मोठं दुकान चालवती ही बाई!"

तिनं पट्टी ओढून घेतली, हेमाला चौकटीशी उभं केलं आणि उजवीची नवी रेघ मारली. पहिल्या पांढऱ्या रेघेच्या चक्क दोन बोटं वर.

"म्हंजे उजवीबी चढाय लागली?" हेमा किंचाळली.

"अगं येडे, तू चढलीस! आपरेशन झालं तवा वाकून चालत असशील. आन् त्याआदी तर मी बघायचीच की, देवळात जाताना बी खांदे पुढं घिऊन, गोगलगाईवानी. आता ताठ उभी ऱ्हायतीस. उजवी दोन बोटं वर आली, डावी अर्धंच. मग डावी दीड बोट उतरली की न्हाय? हिशेब तुमी करा अम्मा, मी तर शिंपीण."

गौरम्मानं बोटांवर मोजलं. परत मोजलं. मग पट्टी घेऊन स्वतः पडताळून बघितलं, कारण दुसऱ्यानं मोजलेलं तिला आजवर कधी पटलेलं नव्हतं. खरंच होतं. तिच्या सरळ हाताची अशी फजिती कधी झाली नव्हती.

"तरीबी दीड बोट फरक ऱ्हायलाच की," हेमा बारीक आवाजात म्हणाली.

"पोरी, तीस वर्षं मी बायका मोजतीया. दोन्ही एका मापाच्या एकीच्या बी न्हाईत. देवानं सगळ्यांस्नीच हातानं केलंय, मशीनवर न्हाय."

"माझ्या हायत एका मापाच्या," गौरम्मा ठसक्यात म्हणाली.

अमिनानं नुसती चौकट दाखवली.

आता माघार घेणं गौरम्माच्या कुंडलीत नव्हतं. पासष्ट वर्षांची बाई पदर खोचून, मान वर करून चौकटीला जाऊन भिडली. अमिनानं पट्टी धरली, हेमानं खडू. एक रेघ. गौरम्मानं गिरकी घेऊन दुसरी बाजू लावली. दुसरी रेघ. दोन्ही रेघा पार खाली, कडीच्याही खाली, आणि दोन्हींत अंतर अडीच बोटं.

हेमाच्या नाकातनं एक विचित्र आवाज निघाला आणि ती डाव्या बाजूला हात दाबून भिंतीला टेकली. "अव्वा, हसवू नगा, टाके ओढत्यात!" अमिनाला पानाचा ठसका लागला. गौरम्मा आधी रागानं लाल झाली, मग ती मीटरपट्टीच्या आधारानं खाली बसून हसायला लागली. डोळ्यांतनं पाणी, केस सुटलेले.

"चाळीस वर्षं!" ती कशीबशी म्हणाली. "चाळीस वर्षं संसार केला शिवपुत्राच्या वडलांनी. एका शब्दानं बोलले न्हाईत!"

तेवढ्यात दार वाजलं. "अव्वा," बाहेरून शिवपुत्राचा घाबरा आवाज, "उद्याचं काय ठरलं? तिकीट ठिवायचं का परत करायचं?"

गौरम्माच्या जिभेवर उत्तर तयार होतं, पण तिनं ते गिळलं. हेमा चौकटीजवळ गेली. दीड बोट. तिनं आपल्या आजच्या दोन्ही रेघांमध्ये बोट आडवं धरून बघितलं, मग दाराची फट तेवढी उघडली.

"परत करा," ती म्हणाली. "आन् येताना दुकानातनं तो लाल काठाचा खण आणा. हिरवा नगं. लाल."

"पण तुझं..."

"लाल म्हटलं की वो!"

दार धाडकन बंद झालं. हेमानं पदर खांद्यावरून खाली सोडला आणि दोन्ही हात अंगापासून जरा दूर धरले.

"घट्ट घे, अमिनाबी. दंडात बी, गळ्यात बी. ढगळं झंपर घालून लई वर्षं काढली."

अमिनानं टेप उघडली. मागं गौरम्मा पुन्हा चौकटीशी जाऊन उभी होती, पाठ आणखी ताठ करून.

"हे बघ, मगाशी मी श्वास सोडला हुता," ती म्हणाली. "परत धर बघू ती पट्टी."