ठासणीची बंदूक

व्हर्नाने टेबलावर गोधडी उलगडली आणि आतली बंदूक वकीलबाईंपुढे सरकवली. नळीचं तोंड भिंतीकडे राहील याची काळजी तिच्या हातांनी आपसूक घेतली. बापाची शिकवण होती ती.

"भरलेली नाही ना?" मिस प्रुइटनी विचारलं.

"नाही. वडिलांनी शेवटची साफ केली, त्यानंतर कुणी उडवलेली नाही."

बंदूक पणजोबांच्या वेळची. अक्रोडाचा दस्ता गालाच्या घर्षणाने एका जागी काळा पडला होता. वडिलांनी वसंतात डोळे मिटले, त्याआधी ती कार्लिसला, त्यांच्या एकुलत्या मुलाला, दिली असं दोघा शेजाऱ्यांसमक्ष सांगितलं होतं. कार्लिस व्हर्नाचा धाकटा भाऊ. नऊ वर्षं तुरुंगात काढून तो परत आला होता आणि व्हर्ना राहायची त्या वडिलांच्या घरामागे ट्रेलरमध्ये, चाकांवरच्या खोलीत, राहत होता. अशा शिक्षेनंतर माणसाने जन्मात बंदूक बाळगायची नाही, सापडली तर पुन्हा आत, हे डोंगरातल्या पोरासोरांनाही ठाऊक होतं. पण तोंडातून बारूद ठासायची ही जुनी बंदूक त्यात धरतात की नाही, ते वकिलाला विचारून ये, असं कार्लिसनेच तिला सांगितलं होतं. हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला होता.

मिस प्रुइटनी चष्मा चढवून बंदूक नीट न्याहाळली. हिच्यात तयार काडतूस बसतं का, कुणी नवे भाग घातलेत का, असं बारकाईने विचारलं. मग कपाटातून जाड पुस्तक काढून त्या बराच वेळ वाचत राहिल्या.

"बाळगू शकतो तुमचा भाऊ," अखेर त्या म्हणाल्या. "आपल्या राज्याच्या कायद्यात बंदुकीची जी व्याख्या आहे, तिच्यातून ही वगळलेली आहे. फक्त नदीपलीकडे नेऊ नका म्हणावं. तिकडच्या राज्यात हिला बंदूकच धरतात. पूल ओलांडला की गुन्हा."

"पण हिची गोळी लागली तर माणूस मरतो ना?"

"मरतो."

"मग?"

मिस प्रुइटनी पुस्तक मिटलं. "माणूस कशाने मरतो हे या कलमात नाही, बाई. त्याने काय बाळगायचं नाही, एवढंच आहे. मी लेखी देऊ का? कुणी अडवलं तर दाखवायला बरं."

व्हर्नाने गोधडीची टोकं एकमेकांवर घेतली. लेखी नको म्हणाली.

परतीचा रस्ता लाकडाच्या गिरणीवरून जात होता. तिचा नवरा हॉबर्ट तिथे करवतीवर असायचा. एका वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणानंतर अंगणात कार्लिसशी त्याचं वाजलं. भांडण एका विकलेल्या ट्रकवरून. कार्लिस पिऊन तर्र होता. नुसता धाक दाखवायचा होता, असं तो पुढे कोर्टात म्हणाला. पिस्तुलाची गोळी हॉबर्टच्या खांद्यातून गेली आणि उजवा हात कायमचा लुळा पडला. साक्षीला व्हर्नाच उभी राहिली होती. वडील त्या दिवशी कोर्टात आले, मागच्या बाकावर बसले आणि दोघा लेकरांपैकी कुणाशीही न बोलता घरी गेले. पुढे हॉबर्ट गेला तो छातीच्या दुखण्याने, पण तोवर रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं व्हर्ना लावायची आणि तो खिडकीबाहेर बघत राहायचा.

सुटून आल्यापासून कार्लिसने दारूच्या थेंबाला स्पर्श केला नव्हता. वडिलांच्या आजारपणात त्यांचं अंग पुसणं, रात्री उशाशी बसणं, सगळं त्यानेच केलं. हे व्हर्ना नाकारत नव्हती. तरी ट्रेलरचं दार धाडकन लागलं की तिच्या हातातलं काम थांबायचं.

घरी येऊन तिने बंदूक स्वतःच्या खोलीत ठेवली आणि कुलूप लावलं. घेवडा शिजत घातला, मक्याची भाकरी तव्यासकट भट्टीत ठेवली. दिवस मावळायच्या सुमारास कार्लिस आला. बूट दाराशी काढून टेबलाशी बसला. त्याने लगेच विचारलं नाही. व्हर्नाने वाढलं, पाण्याचा पेला ठेवला.

"भेटल्या वकीलबाई?"

"भेटल्या." ती भट्टीकडे वळली. "नाही चालत. ती पण बंदुकीतच धरतात."

मागे चमच्याचा आवाज थांबला.

"कलम बदललं का गं?" त्याने हळूच विचारलं. "तुरुंगात कायद्याची पुस्तकं होती. मी वाचलं तेव्हा ठासणीची वगळलेली होती. गेल्याच वर्षी."

व्हर्नाच्या हातात भाकरीचा गरम तवा होता. फडक्यातून चटका बसायला लागला तरी तिने तो खाली ठेवला नाही.

"बदललं," ती म्हणाली.

त्याने चमचा ताटात आडवा ठेवला.

"बदलतात," कार्लिस म्हणाला. "बदलत असतात."

तो उठून बाहेर गेला. व्हर्नाने तवा टेकवला. ट्रेलरचं दार उघडल्याचं ऐकू आलं, लागल्याचं नाही. परत आला तेव्हा त्याच्या हातात वडिलांचं बारूद ठेवायचं शिंग होतं, पितळी टोपणाचं. त्याने ते टेबलावर तिच्या ताटाशेजारी ठेवलं.

"हेही बंदुकीबरोबरच राहू दे. एकत्र असलेली बरी."

मग तो बसला आणि घेवडा खायला लागला.

व्हर्नाने शिंग उचललं. ते हलकं लागलं म्हणून तिने टोपण काढून तळहातावर उलटं केलं. काही पडलं नाही. बोट आत घालून पाहिलं. काळा कणसुद्धा लागला नाही. वडील ते कधी रिकामं ठेवत नसत; आता ते आतून कोरडं, कधीचंच स्वच्छ पुसून ठेवलेलं होतं.

तिने टोपण परत बसवलं. भाकरीचा मोठा तुकडा मोडून त्याच्या ताटात ठेवला.

"लोणी घे," ती म्हणाली. "गरम आहे तोवर."