डब्याचा आवाज

आम्रपालीने पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं आणि वहीत लिहिलं, 'दोन वाजून सतरा मिनिटं. गेला.'

समोरचा पडदा काळा झाला होता. त्या काळ्यात तिला आपला चेहरा दिसला, मागे कडीला बांधलेली साडीची झोळी दिसली आणि काउंटरपलीकडे चंद्रभागाबाई, लेकीच्या कागदांची पिशवी पोटाशी धरून उभ्या.

"परत मेलं का?"

"बंद पडलं, मावशी. होतं चालू पाच मिनटांत."

"तिसरी खेप हाय माझी. हास्टेलचा फारम हाय बाई, सोमवारी तारीख सरती. नवनाथ होता तवा एका बैठकीत व्हायचं..." बोलता बोलता त्यांनी जीभ चावली. "ऱ्हाऊ दे. कागदं हितं ठिवती, शनवारपत्तूर न्हाई झालं तर मी स्टँडापाशी भरती. तू नको जिवाला लावून घिऊ."

त्या गेल्या. आम्रपालीने झोळीत डोकावून पाहिलं. चैतू झोपेत ओठ हलवत होती. तिच्या छातीवर दोन बोटं ठेवून, ती वरखाली होतात ना हे पाहून, मग ती पुन्हा खुर्चीवर येऊन बसली.

वही मुळात चैतूची. ताप किती, दूध किती वाजता, लस कोणती. बीडचे डॉक्टर एकदा पानं उलटून हसले होते, "अहो, शिंका कशाला लिहिता?" जानेवारीत नवनाथ मोटारसायकलवर गेवराईकडे गेला आणि हायवेवरून परत आलाच नाही, तेव्हा पोलिसांनी विचारलं होतं, घरातून किती वाजता निघाले? तिला सांगता आलं नव्हतं. ती आत चैतूला न्हाऊ घालत होती. जातो म्हणाला, तिने बघितलंसुद्धा नाही. तेव्हापासून ती सगळ्याचीच वेळ लिहायची.

वही उलटी करून मागच्या बाजूने तिने कॉम्प्युटर लिहायला घेतला तो मार्चच्या शेवटी. उन्हं तापायला लागली आणि हा डबा दुपारी दुपारी डोळे मिटायला लागला. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज, आता दिवसातून तीनदा. नवनाथने स्वतःच्या हाताने जोडलेला डबा. बीडहून एकेक भाग आणून, याच फरशीवर मांडी घालून. पुढच्या खोलीला त्याने निळा रंग दिला, बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली काउंटर ठोकला आणि नेकनुरातल्या पोरांचे फॉर्म भरायला बसला. आता तिथे ती बसत होती. बी.एस्सी. झालेली होती, कॉम्प्युटर विषय घेऊन. पण कॉलेजात डबा उघडून कुणी दाखवला नव्हता.

सिंधुबाई मधल्या दारात आल्या. हातात निवडायचं सूप.

"बंद पडलं न्हवं?"

"हो, आई."

"पडनारच. त्याच्या हाताची सवय त्याला." सासूबाईंनी सुपातला खडा टिपून बाहेर फेकला. "आधी कसा घोंगावायचा गं! चुलीपाशी कळायचं मला, बसला बाबा कामाला. आवाज आला की मी आधण ठिवायची, इचारायची बी गरज न्हाई. आता बघ. तो गेला आन ह्याचाबी आवाज गेला. मुकं झालंय बिचारं."

आम्रपालीला असलं बोलणं सोसायचं नाही आणि तोडवायचंही नाही. ती स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागली.

मोठे दीर अभिमन्यू सोमवारी बीडहून येऊन गेले होते. पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून बोलले, एकदाही तिच्याकडे न बघता.

"एक मोबाइलवाला हाय. ह्या खोलीला तयार हाय. रविवारी दाखवायला आणतो त्याला."

"दादा, दुकान चालू आहे."

"कुठं चालू हाय? चार मानसं येत्यात, चारी स्टँडाकडं जात्यात. तू धारूरला जा आईबापाकडं. लेकराकडं बघ. आईला मी नेतो माझ्यापाशी." मग आवाज उतरवून म्हणाले, "नवनाथचं कामच तसलं होतं गं. धांदरट. घाई करायची आन अर्ध्यात सोडून द्यायचं. गाडीचंबी तसंच केलं."

मयताच्या दिवसापासून हा शब्द घरात फिरत होता. धांदरट. हेल्मेट हँडलला अडकवलेलं होतं म्हणे. तो निघाला की सिंधुबाई उठून न्हाणीकडे जायच्या.

दीर वाईट नव्हते. म्हणूनच तिला नाही म्हणता येईना. एकदा धारूरला गेली की परतायला निमित्त राहणार नाही, हे तिला कळत होतं. बीडच्या तिसऱ्या मजल्यावर सासूबाई खिडकीत बसून राहतील, आणि चैतू बापाला ओळखील ती मोबाइलमधल्या फोटोवरून. रविवारपर्यंत सहा दिवस होते.

ती एकेक गोष्ट धरत गेली. आधी वीज. दोन दिवस शेजारच्या घरातून वायर ओढून बघितली, तरी गेला. मग रॅमच्या पट्ट्या काढून खोडरबराने घासल्या. तरी गेला. मग गुरुवारी चैतूला सासूबाईंपाशी ठेवून सकाळच्या एसटीने ती डबा घेऊन बीडला निघाली, चैतूच्या दुपट्यात गुंडाळून मांडीवर.

"लेकरू लई जड दिसतंय, ताई," कंडक्टर म्हणाला. "ह्याचं अर्धं तिकीट काढावं लागतंय."

ती हसली. हसल्यावर गालाला काहीतरी वेगळंच वाटलं.

लखनचं दुकान नवनाथच्या ओळखीचं. त्याने डब्याचं झाकण काढून टेबलावर ठेवलं, वीजपुरवठ्याचा भाग बदलून पाहिला, मधल्या चिपेवरची वाळून गेलेली पेस्ट खरवडून नवी लावली. दिवसभर डबा चालला. एकदासुद्धा बंद पडला नाही.

"काय बी दोष न्हाई, वैनी. घोड्यावानी पळतोय."

शुक्रवारी घरी दीड वाजता गेला. पुन्हा सव्वातीनला गेला.

त्या रात्री ती वही घेऊन बसली नाही. चैतूला दोन दात येत होते, अंग कढत होतं. शनिवारी सकाळी ताप उतरल्यावर तिने वहीत नव्याण्णव लिहिलं आणि वही उलटी करून मागच्या बाजूला डब्याचा ताप लिहायला घेतला. आतली उष्णता दाखवणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर तिने उतरवून घेतलं होतं. साठ. एकाहत्तर. अठ्ठ्याऐंशी. शहाण्णवला पडदा काळा झाला.

म्हणजे हाही तापत होता. मग लखनकडे का नाही तापला?

ती पेन दातात धरून बसली. लखनकडे झाकण उघडं होतं. इथे ती ते चारही स्क्रू पिळून घट्ट लावायची, कारण चैतू रांगायला लागली होती आणि दिसेल त्या फटीत बोट घालायची.

दुपारी सिंधुबाई दळण घेऊन गिरणीकडे गेल्या. चैतू झोळीत होती. आम्रपालीने डबा भिंतीपासून ओढून घेतला, चालू केला आणि वहीच्या कागदाची बारीक पट्टी फाडून त्याच्या पाठीशी, जाळीजवळ धरली. गरम वारा बाहेर यायचा तो इथूनच. पट्टी हलली नाही.

बंद करून, झाकण काढून, तिने मोबाइलचा उजेड आत टाकला. मागच्या जाळीला आतून पंखा होता. पात्यांवर कोळ्याने जाळं विणलेलं. पंखा तुटला नव्हता, जळला नव्हता. त्याची वायर मुळी लावलेलीच नव्हती.

तिने तिथूनच लखनला फोन लावला.

"मागचा पंखा ना? तो काढलेलाच हाय, वैनी. म्या बघितलं."

"मग लावला का नाही?"

"नवनाथभाऊंनी काढलाय म्हणल्यावर... त्यांनी कशापायी तरी काढला असंल. गेल्याल्या मानसाच्या कामात हात घालायला मन न्हाई झालं."

तिने फोन ठेवला. धांदरट, तिच्या मनात आलं. तिच्या स्वतःच्या मनात, दिराच्या आवाजात नाही. त्याची तिला लाज वाटली, तरी राग गेला नाही. मग तिने वायर ओढून उजेडात आणली.

वायर लोंबत सोडलेली नव्हती. तिची नीट तीन वेढ्यांची गुंडाळी केली होती, दुसऱ्या पंख्यात अडकू नये म्हणून पत्र्याच्या कडेला सरकवून ठेवली होती आणि वर एक बारीक पिवळी नाडी बांधून गाठ मारली होती. सुरगाठ. नाडीच्या टोकाला लोकरीचा गोंडा.

ती नाडी तिने डिसेंबरभर शोधली होती. चैतूच्या टोपड्याची.

धारूरहून बाळंतपण करून ती आली त्या दिवशी नवनाथ दुकानात उशिरापर्यंत भरतीचे फॉर्म भरत होता. माहेरच्या शांततेत वाढलेलं दोन महिन्यांचं लेकरू डब्याच्या घोंगावण्याने दचकत होतं, झोपत नव्हतं, रडून रडून निळं पडत होतं. तिचे टाके दुखत होते. ती दारात येऊन म्हणाली होती, "त्या डब्याला गप करा, नाहीतर मी चालले धारूरला परत."

"करतो की," तो म्हणाला होता. "धारूरला तेवढं नको."

सकाळी घर गप होतं. चैतू झोपली होती, तीही झोपली होती. कसा गप केला, हे तिने विचारलं नव्हतं. थंडीचे दिवस होते. डब्याला पंख्याची गरज पडली नव्हती. उन्हाळ्याच्या आधी तो पुन्हा लावायचा, हे त्याच्या डोक्यात असणारच. गाठ सुटायला सोपी मारली होती.

तिने ती सोडवली. नाडी पदराच्या टोकाला बांधली. कोळ्याचं जाळं फुंकून, पुसून काढलं, वायर तिच्या जागी बसवली, झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले आणि बटण दाबलं.

डबा घोंगावला.

झोळीत चैतू दचकली. दोन्ही मुठी वर गेल्या, ओठ वाकडे झाले. आम्रपालीचं बोट बटणावरच होतं. मुठी थोडा वेळ हवेत राहिल्या, मग हळूहळू खाली आल्या. चैतूने मान वळवली आणि झोपली. सात महिन्यांची झाली होती. एवढ्या आवाजाने उठायचं तिचं वय सरून गेलं होतं.

दोन वाजून सतरा मिनिटं झाली. तिने लिहिलं, 'चालू. एकसष्ट.' पावणेतीनला लिहिलं, 'चालू. एकसष्ट.' मग दिरांना फोन लावला.

"दादा, उद्या त्यांना आणू नका. मशीन झालं. तुम्ही या, जेवायलाच या."

"झालं? काय बिघडलं होतं?"

"मागच्या पंख्याची वायर काढलेली होती."

"म्हणलं न्हवतो मी? अर्धवट काम. धांदरटच..."

"त्यांनी नाही, दादा."

"मग कुणी काढली?"

पंख्याचा वारा पलीकडच्या भिंतीवर आपटून तिच्या पायांवर येत होता, कोमट.

"मी काढायला लावली," ती म्हणाली.

दीर म्हणाले, "बरं. येतो." आणि फोन बंद झाला.

तिने चंद्रभागाबाईंचा अर्धवट राहिलेला फॉर्म उघडला. जन्मतारीख, जात, उत्पन्नाचा दाखला. रकाने भरत गेली. डबा घोंगावत राहिला, पूर्वी घोंगावायचा तसाच, मधूनच घसा खाकरल्यासारखा.

परसदाराची कडी वाजली. सिंधुबाई गिरणीवरून आल्या होत्या. पिठाचा डबा खाली टेकवल्याचा आवाज आला, मग चुलीवर पातेलं ठेवल्याचा, माठातून पाणी ओतल्याचा. आणि आतून, कामाच्या नादात, रोजचं असल्यासारखं, त्यांनी विचारलं,

"बसलास व्हय रं? आधण ठिवलंय."

पाण्याचा आवाज थांबला.

आम्रपालीची बोटं कळांवर तशीच राहिली. आत काहीच हललं नाही. भांडं नाही, बांगडी नाही. फक्त डबा.

"ठेवा, आई," ती म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा मोठ्याने. "बसलेय मी."

बऱ्याच वेळाने आत काडी ओढल्याचा आवाज आला.