ओंडक्याची डावी बाजू

मटणाच्या दुकानाला ऐंशी वर्षं झाली म्हणून वर्तमानपत्राचा माणूस आला, तेव्हा धाकट्या भावाची बायको जाऊन दीड महिना झाला होता.

"लिहून घ्या," थोरला सांगत होता. "आजोबांनी काढलं, वडिलांनी वाढवलं, आता आम्ही दोघं. आणि या धाकट्याच्या हाताची सर कुणाला नाही."

धाकट्याच्या मस्तकात तिडीक गेली. वडिलांच्या मागे आतल्या खोलीत कापायचं सगळं काम त्याच्या बायकोनं केलं होतं. सव्वीस वर्षं. मांडीतलं हाड ती असं सोडवायची, की त्याला कण चिकटलेला नसे. हा बाहेर उभा राहून वजन करायचा, पुड्या बांधायचा आणि कौतुक घ्यायचा. आतून ती हसायची, "घ्या, मिरवा!" आता तुकडे वेडेवाकडे पडत होते, तर लोक म्हणत, बिचाऱ्याचा दुःखानं हात चालत नाही.

फोटोसाठी त्याला आत मटण कापायच्या ओंडक्यापाशी उभं केलं. हातात सुरा दिला.

"तुम्ही डावखुरे का?" वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं. "ओंडका नुसता डावीकडेच झिजलाय."

"लाकूडच तसलं आहे," थोरला घाईनं म्हणाला.

धाकट्यानं सुरा ओंडक्यात खुपसला. "लाकडाला काय झालंय, दादा? माझी बायको डावखुरी होती!"

"हळू बोल. बाहेर गिऱ्हाइकं आहेत."

"ऐकू दे त्यांना."

"अरे, ती गेली. तिला आता काय फरक पडतोय? लोक तुलाच हसतील."

"हसू देत. खोटं हसणार आहेत का?"

बाहेर मटणासाठी उभे असलेले शाळेचे मास्तर दारातून डोकावले. "म्हणजे, मांडी तू कापायचा नाहीस?"

"नाही, मास्तर. दर रविवारी तुम्ही पाठ थोपटायचात ना, ती चुकीची पाठ होती."

"मग तेव्हा नाही का सांगायचं, गाढवा? ती आतच होती की!"

धाकट्याला भावावर ओरडता आलं, मास्तरांवरही आलं असतं. पण ती चार पावलांवर उभी असताना कौतुक खिशात घालणारा तोच होता. त्याचे कान तापले.

"लिहा," तो वर्तमानपत्रवाल्यावर खेकसला. "वडिलांनंतर हे दुकान सव्वीस वर्षं माझ्या बायकोच्या हातावर चाललं. मी पुड्या बांधल्या."

"पुड्यांचं कशाला?" थोरला कळवळला. "घराण्याची अब्रू जाईल."

"तेही लिहा. तिचं त्याच्याखाली नको, वर घ्या. आणि आता मोठ्यानं वाचा."

वर्तमानपत्रवाल्यानं वाचलं.

"असं पुटपुटू नका. रस्त्यापर्यंत गेलं पाहिजे. मला सव्वीस वर्षांत तोंड उघडता आलं नाही, तुम्ही तरी उघडा!"