संध्याकाळचं पाणी

“किड्यांचं काम नाही हे, बाई. बुरशी आहे,” माळी उकिडवा बसत म्हणाला. लॉनमध्ये ताटाएवढे चार तपकिरी गोल पडले होते. कडेचं चिमूटभर गवत उपटून त्याने तळहातावर पसरलं. “मुळं शाबूत आहेत बघा. किड्यांनी खाल्ली असती, तर अख्खं गवत सतरंजीसारखं गुंडाळून आलं असतं. आणि पातीवर हे डाग. पहाटे दवात पांढरं जाळं दिसत असेल.”

“दिसतं खरं,” बाई म्हणाल्या.

माळ्याला आपल्या नजरेचा भारी तोरा. तिथेच गप्प बसला असता, तर काय बिघडलं असतं? पण नाही.

“गवत रात्रभर ओलं राहिलं की होतं असं. संध्याकाळी कोण पाणी घालतं?”

बाईंनी व्हरांड्याकडे पाहिलं. तिथे चाकाच्या खुर्चीत साहेब बसले होते. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली, बोलणंही जवळजवळ गेलं. पण उजवा हात धड होता. रोज संध्याकाळी तासभर ते पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबून लॉनवर पाण्याचा पंखा धरायचे. दिवसभरात तेवढंच एक काम त्यांचं स्वतःचं. माळी सकाळचा येणारा, त्याला यातलं काही माहीतच नव्हतं.

बाईंनी खुर्ची ढकलत त्या गोलापाशी आणली. “सांगा यांना.”

माळी गवताकडे बघत म्हणाला, “साहेब, पाणी जरा जास्त झालं.”

“कुणाच्या हातून? नीट सांगा.”

“साहेबांच्या.”

बाईंनी ते सडकं गवत साहेबांच्या मांडीवर ठेवलं. “दोन वर्षं मी तुमचं सगळं करतेय. तुम्ही एवढं एक करत होतात, त्याचं हे असं.”

साहेबांचे ओठ बराच वेळ हलले. “स... सकाळी...”

“हो ना बाई, सकाळी घालू द्या की,” माळी घाईने म्हणाला. “सकाळचं पाणी चालतं. उन्हाने पाती सुकतात.”

“सकाळी मालिश, अंघोळ, गोळ्या. कधी बसवू?”

“मग कुंड्यांना तरी...”

“फरशीवर चिखल होईल. तो पुसायला तुम्ही येणार?”

बाईंनी पाइप गुंडाळला आणि माळ्याच्याच हातात दिला. कोठीतल्या सगळ्यात वरच्या खुंटीवर त्याने तो टांगला. खुर्चीतल्या माणसाचा हात तिथवर पोचणं शक्य नव्हतं.

मग त्याने सगळं रीतसर केलं. खत थांबवलं, मेलेलं गवत पंज्याने ओढून काढलं, औषध फवारलं, कापणीनंतर मशीनचं पातं पुसलं. महिन्याभरात गोल भरून आले.

बाई शेजारणीला लॉन दाखवत होत्या. “यश आहे हो माळ्याच्या हाताला.”

एरवी तो आठवडाभर या शब्दांवर फुगून फिरला असता. आज मशीन ढकलता ढकलता त्याचं लक्ष खिडकीकडे गेलं. काचेमागे साहेब बसले होते. त्यांचा उजवा हात मुठीत वळलेला होता, अंगठा वर दाबलेला, आणि मूठ सावकाश डावीकडून उजवीकडे फिरत होती. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत.

माळ्याने मशीन बंद केलं.

“का हो, थांबलात?” बाईंनी विचारलं.

“काही नाही,” तो म्हणाला आणि त्याने मशीन सुरू केलं.